अनुभव धागा: होळी ते पहिला पाऊस, स्काऊट-गाइड पथकात काय काय केलंत?

गाइड कॅप्टन, दादर

22 फेब्रुवारीचा चिंतन दिन (स्काऊट-गाइडांचा जागतिक दिवस) दणक्यात होतो आणि त्यानंतर आमच्या कंपनीचे, म्हणजे गाइड पथकाचे, स्कार्फ कपाटात जातात ते थेट जूनमध्ये बाहेर येतात. मार्च-एप्रिल परीक्षांचे, मे महिन्यात निम्म्या मुली गावी. उरलेल्या अर्ध्या घरी बसून मोबाइल बघतात. यंदा हा खंड पडू द्यायचा नाही असं ठरवलंय. तुमच्या पथकानं या दिवसांत काय केलं, कशाला मुलं धावत आली, कशाला आलीच नाहीत, ते लिहा. कब-बुलबुलांचं, म्हणजे लहान मुलामुलींच्या पथकांचंही चालेल, पालक आणि मुलांनीही लिहावं. फक्त वार्षिक आराखड्यातली यादी नको, ती माझ्याकडेही आहे.

स्काऊट मास्तर, मुलुंड

आधी उन्हाचं बघा, मग उपक्रमाचं. मुंबईत मे महिन्यापेक्षा मार्च कधी कधी जास्त भाजतो. जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा आत यायला दुपार होते आणि तोवर पारा 38-39 वर गेलेला असतो. मे महिन्यात पारा तेवढा चढत नाही, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणजे शरीर थंड होत नाही. आमचं संचलन मार्चपासून सकाळी साडेसहाला सुरू होऊन साडेआठला संपतं. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघातानं माणसं गेली, तेव्हापासून पालक वेळ आधी विचारतात. विचारायलाच हवी.

आता गंमत. दिशा ओळखायचे जे धडे आपण शिकवतो ते मुळात इंग्लंडच्या आकाशाचे आहेत. दुपारची सावली उत्तरेला पडते, हे तिथे बारा महिने खरं. मुंबईत 15-16 मे च्या सुमारास दुपारी 12:35 च्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या लाठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मेअखेरीस दीड मीटरच्या लाठीला जेमतेम सहा-सात सेंटीमीटर सावली मिळते आणि तीही दक्षिणेला! घड्याळाच्या काट्यावरून दक्षिण शोधायची युक्तीही या दिवसांत फसवते. आम्ही शाळेच्या गच्चीवर लाठी रोवतो, सकाळी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करतो, वीस मिनिटांनी दुसरी. पहिली खूण पश्चिम, दुसरी पूर्व. हे मात्र मे महिन्यातही चालतं. शून्य सावलीच्या दिवशी सगळ्यांना वर नेतो, पाच मिनिटांत खाली आणतो.

ध्रुवताऱ्याचंही तेच. मुंबईतून तो क्षितिजापासून फक्त 19 अंश वर, म्हणजे उत्तरेला एक टॉवर उभा राहिला की संपला विषय. एप्रिल-मे च्या संध्याकाळी सप्तर्षी चांगले वर असतात, त्यांच्यावरून तो कुठे असायला हवा एवढं तरी दाखवता येतं.

एका कबचे बाबा, गिरगाव

आमच्याकडे खरी कमाई, म्हणजे मुलांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवायचा उपक्रम, सुट्टीत ठेवतात. मुलांनी सोसायटीच्या फाटकाशी पन्हं आणि कोकम सरबत विकलं. कबमास्तरांची अट अशी की घरून आईनं करून दिलेलं पन्हं चालणार नाही, ती आईची कमाई होईल. मग मुलांनीच कैऱ्या आणल्या. त्या मोठ्यांनी उकडल्या, पण गर काढणं, गूळ कालवणं, वेलची कुटणं पोरांनी केलं. बाहेरचा बर्फ घालायचा नाही, म्हणून दोन माठ आदल्या रात्री भरून ठेवले होते.

मला खरं पाहायचं होतं ते हिशेबाचं. कैऱ्या आणि गुळाचे पैसे सगळ्यांच्या लक्षात होते, पेल्यांचे कुणाच्याच नाही. नफा निम्म्यावर आला तेव्हा एक पोरगा म्हणाला, पुढच्या वेळी स्टीलचे पेले आणू, धुवायला मी बसतो. घरी ताट उचलत नाही हो हा!

गाइड, आता दहावीत जाणार, वर्सोवा

मला लिहायला कॅप्टनताईंनी सांगितलं. आम्ही समुद्रकिनाऱ्यावर निसर्गनिरीक्षण केलं होतं. तारीख माझ्या आजीनं काढून दिली. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, दुपारी बारा-एकच्या सुमारास पाणी भरतं, म्हणजे सकाळी सहा-सातला चांगली ओहोटी मिळते. अष्टमीच्या आसपास भांग (छोटी भरती-ओहोटी) असते, तेव्हा पाणी फार आत जात नाही आणि खडक नीट उघडे पडत नाहीत. आमच्या वर्गातल्या मुलींना हे माहीतच नव्हतं, त्या रविवार बघून तारीख ठरवत होत्या.

खडकांतल्या डबक्यांत शंखातले खेकडे, समुद्रफुलं, छोटे मासे दिसले. काही उचलायचं नाही, दगड उलटा केला तर परत तसाच ठेवायचा, हा नियम होता. चपला चालत नाहीत, पट्ट्याच्या सँडल हव्यात, कारण खडकावरची कालवं पाय कापतात. एकीला लागलंच, मग प्रथमोपचाराची खरीखुरी परीक्षा झाली. पाणी वळलं की संघनायिकेनं शिट्टी द्यायची आणि सगळ्यांनी लगेच मागे यायचं, यावर वाद नाही.

गाइड कॅप्टन, दादर

आजींना नमस्कार सांग. मी रविवार बघणाऱ्यांपैकीच! फ्लेमिंगो बघायला मुलींना शिवडीला न्यायचं मनात आहे. मे पर्यंत असतात ना?

पक्षीवाला रोव्हर, ऐरोली

बरेचसे पावसाच्या तोंडावर जातात, त्यामुळे मार्च-एप्रिल धरा. तिथेही ओहोटी पाहावी लागते, चिखल उघडा पडल्यावर ते खायला उतरतात, पण पाणी फार लांब गेलं की पक्षीही लांब जातात. भरती चढत असताना ते किनाऱ्याकडे सरकतात, ती वेळ उत्तम. ठाणे खाडीच्या अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा (पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला, ऐरोलीच्या केंद्रातून बोट असते. बोटीत कब मुलांना नेऊ नका, गप्प बसत नाहीत.

आमच्या रोव्हर मंडळींचा, म्हणजे स्काऊटमधल्या मोठ्या मुलांचा, आवडता उपक्रम मात्र कान्हेरीची लेणी. बोरिवलीच्या उद्यानात सकाळी दार उघडताच शिरायचं (सोमवारी बंद). बहुतेकजण मोठं चैत्यगृह पाहून परततात. आम्ही प्रत्येक संघाला पाण्याच्या पोढी शोधून नकाशावर मांडायला सांगतो. शंभराहून जास्त लेणी, आणि त्यांच्या दारात पावसाचं पाणी साठवायला कातळात खोदलेली टाकी, वरून पाणी आणणारे पन्हाळ. मुंबईत पाणीकपातीच्या बातम्या सुरू असतात त्याच दिवसांत हे बघितलं की प्रश्न आपोआप येतात. वाटेत मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुललेली असते. खाऊच्या पिशव्या हातात धरू नका, माकडं हिसकावतात.

स्काऊट मास्तर, भांडुप

मुक्कामी शिबिराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बिनभांड्यांच्या स्वयंपाकाला मुलं सगळ्यात जास्त उत्सुक असतात, पण हा मोसम विस्तवाचा नाही. मार्चनंतर डोंगरावरचं गवत काडेपेटीच्या एका काडीची वाट बघत असतं. राष्ट्रीय उद्यानात तर आग पेटवायचीच नाही. पोपटीचे (मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचे) दिवसही थंडीबरोबर सरलेले असतात. आम्ही बदलापूरच्या पुढे एका ओळखीच्या शेतात, नांगरलेल्या मोकळ्या जागेत, खड्डा करून, शेजारी पाण्याचा पिंप ठेवूनच चूल लावतो. राखेत बटाटे, कांद्याच्या वाटीत अंडं, केळीच्या पानात गुंडाळलेली पानगी. शेकोटी छोटी. नाच-गाणी तेवढीच मोठी होतात.

शिबिराला स्काऊट-गाइडच्या जिल्हा कार्यालयाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं लागतातच. ती परीक्षेच्या आधी गोळा करा, सुट्टी लागल्यावर पालक सापडत नाहीत.

माजी स्काऊट, परळ

इतकं सगळं वाचून मजा वाटली. आमच्या वेळी उन्हाळा म्हणजे स्टेशनबाहेरची पाणपोई. रांजणाला ओलं फडकं गुंडाळायचं, ओगराळ्यानं वरून ओंजळीत पाणी सोडायचं, भांडं उष्टं होऊ द्यायचं नाही. काम कंटाळवाणं होतं, खरं सांगतो. पण हमाल, फेरीवाले, चुकलेली म्हातारी माणसं, सगळ्यांशी बोलायची सवय तिथे लागली. मुलांना सहलीच सहली नकोत, असं एखादं कंटाळवाणं कामही द्या. दीड तासाच्या पाळ्या लावा, सावलीत उभं करा.

गाइड कॅप्टन, दादर

पाणपोई घेतेच, गावी न गेलेल्या मुली त्यावर चालतील. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत प्रथमोपचाराचं टेबल कुणी लावलंय का? गर्दीत ते नेमकं कुठे ठेवलं आणि आयोजकांशी कधी बोललात, तेवढं सांगा.