मदत हवी आहे: पाम एक्स्पोला पहिल्यांदाच जातोय

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ आमचा साउंडचा व्यवसाय आहे, जास्त करून भजन-कीर्तनाची कामं. यंदा गोरेगावला नेस्को प्रदर्शन केंद्रात पाम एक्स्पो (साउंड-लाइटच्या सामानाचं प्रदर्शन) बघायला जायचं ठरवलंय. हाताशी दोनच दिवस आहेत. मला मुख्य म्हणजे पखवाजासाठी माइक पारखून घ्यायचाय. डाव्या तोंडाला कणीक लावली की जी भरीव घुमक येते, ती आमच्या माइकवर नुसती 'थप' होते. बुवा दरवेळी मागे वळून बघतात, फार वाईट वाटतं.

एवढ्या गलक्यात माइकचा खरा आवाज कळतो का? स्वतःचा हेडफोन नेऊ का? पखवाजच सोबत नेला तर स्टॉलवाले वाजवू देतील? आणि राम मंदिर स्टेशनवरून चालत जाणं बरं, की रिक्षा करावी? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.