मदत हवी आहे: साठेक मशीनवर ऑफिस एकसारखं कसं टाकायचं? (जुने मॅक्रो, कृतिदेव आणि शाखांचं नेट सांभाळून)

शाखासंगणक

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी संगणक विभाग बघते. विभाग म्हणजे मी आणि एक मुलगा, तोही अर्धा वेळ प्रिंटरच्या मागे. मुख्य कार्यालयात सर्व्हर आणि डोमेन (सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायची सोय) आहे. शाखांमध्ये डोमेन नाही आणि नेट यथातथाच. सगळी मिळून साठेक मशीन, बहुतेक विंडोज ११. काहींवर ऑफिस २०१०, काहींवर २०१६, आणि नव्या मशीनवर विकत घेतानाच आलेलं ट्रायल. सपोर्ट संपलेलं सॉफ्टवेअर का वापरता, असा शेरा लेखापरीक्षकांनी मारला. मग संचालक मंडळाने ऑफिस एलटीएससी २०२४ स्टँडर्डचे व्हॉल्यूम परवाने (अनेक मशीनसाठी एकत्र घेतलेले) मंजूर केले. ज्यांच्याकडून घेतले त्यांनी परवान्याची की (क्रमांक) मेलवर पाठवली आणि त्यानंतर फोन उचलणं बंद केलं.

मला हवंय ते असं: वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट एवढंच बसावं. आउटलुक, वननोट नको, कारण आमची मेल ब्राउझरमध्येच चालते. जुनं ऑफिस आपोआप निघावं. कुणी समोर बसून नेक्स्ट-नेक्स्ट करायला लागू नये. २०१० च्या वेळी आधीच्या माणसाने 'सेटअप /अ‍ॅडमिन' देऊन एक फाइल बनवली होती आणि अपडेट्सच्या फोल्डरमध्ये टाकली होती. तसं इथे काही उघडतच नाही.

एका मशीनवर सरळ सेटअप चालवून बघितला. ऑफिस बसलं, पण वसुली विभागाची थकबाकीची एक्सेल शीट उघडून बटण दाबलं की 'प्रोव्हायडर कॅनॉट बी फाउंड' येतं. ही शीट मॅक्रोने (आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने) एका जुन्या एमडीबी, म्हणजे अ‍ॅक्सेस डेटाबेसच्या फाइलमधून कर्जखाती ओढते. शीट लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले.

शिवाय दोन तक्रारी. सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या (कर्जवसुलीच्या) नोटिसांचे नमुने कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये आहेत. नव्या वर्डमध्ये त्यात टाइप केलं की अक्षरं बदलतात. आणि एक्सेलमध्ये रक्कम १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ अशी दिसते. हे साठ ठिकाणी हाताने करत बसले तर दिवाळी इथेच होईल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नेटकर

'सेटअप /अ‍ॅडमिन' विसरा. ते एमएसआय (जुन्या इन्स्टॉलरच्या) पद्धतीच्या ऑफिससाठी होतं, २०१६ ची व्हॉल्यूम आवृत्ती त्यातली शेवटची. २०१९ पासून सगळं क्लिक-टू-रन या नव्या पद्धतीचं आहे आणि त्याला ऑफिस डिप्लॉयमेंट टूल लागतं. फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मिळतं. त्यात एक सेटअप आणि काही नमुना एक्सएमएल (सेटिंग्ज लिहायच्या) फाइली असतात. तुमची सगळी मर्जी त्या एक्सएमएलमध्ये लिहायची.

पण त्याआधी शीटचं. तुमच्या चाचणीच्या मशीनवर ६४-बिट ऑफिस बसलंय, कारण सांगितलं नाही तर हल्ली तेच बसतं. ती शीट जेट ४.० प्रोव्हायडरने (एमडीबी वाचून देणारा जुना दुवा) एमडीबीशी बोलत असणार, आणि जेट फक्त ३२-बिटमध्ये आहे, ६४-बिट जेट कधी आलंच नाही. ६४-बिट एक्सेलला तो दिसणारच नाही. मॅक्रोच्या कोडमध्ये प्रोव्हायडर कुठला लिहिलाय ते एकदा बघून घ्या.

लिहिणारा माणूस हाताशी नसेल तर शहाणपण एकच: सगळीकडे ३२-बिट. एक्सएमएलमध्ये 'ऑफिसक्लायंटएडिशन' समोर ३२ लिहा. विंडोज ६४-बिट असली तरी काही अडत नाही. दोन जीबीपेक्षा मोठ्या वर्कबुक पतसंस्थेत कोण करतं? कोडमध्ये विंडोजची फंक्शनं 'डिक्लेअर' केलेली असतील तर ६४-बिटमध्ये तिथेही 'पीटीआरसेफ' (६४-बिटसाठी लिहावा लागणारा शब्द) नाही म्हणून अडलं असतं. ती डोकेदुखीही वाचली. चाचणीच्या मशीनवरचं ६४-बिट मात्र आधी काढा. एकाच मशीनवर ३२ आणि ६४ नांदत नाहीत.

कट्ट्यावरचा

एवढी झटापट करण्यापेक्षा लिबरऑफिस टाका की. परवान्याचा खर्च शून्य. एमएसआय आहे, एका ओळीत गपचूप बसतं, 'यूआय_लँग्ज' मध्ये मराठी दिलं तर मेनूही मराठीत येतात. सेटिंग्ज रजिस्ट्रीतून कुलूपबंद करता येतात, अ‍ॅडमिन टेम्पलेट्सही मिळतात.

शाखासंगणक

@नेटकर, कोड उघडला. जेट ४.० च आहे. अनेक आभार.

@कट्ट्यावरचा, परवाने घेऊन झालेत, आता मंडळापुढे उलटं सांगायला मी जाणार नाही. आणि ती शीट तिथे चालेल याची खात्री तुम्ही देणार का?

कट्ट्यावरचा

शीटची नाही देणार. नोटिसांसाठी म्हणत होतो.

दंडोबाचा_पायथा

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

दंडोबाचा_पायथा

एक्सएमएलबद्दल. हाताने लिहू नका, मायक्रोसॉफ्टचं ऑफिस कस्टमायझेशन टूल ब्राउझरमध्ये उघडतं, त्यात टिकमार्क करत गेलं की फाइल तयार होऊन मिळते. मी नावं इथे देवनागरीत देतोय, फाइलमध्ये अर्थातच रोमन असतील. प्रॉडक्ट 'स्टँडर्ड२०२४व्हॉल्यूम', चॅनेल (अपडेट कुठल्या मार्गाने येतात ते) 'पर्पेच्युअलव्हीएल२०२४'. चॅनेल चुकला तर गाडी तिथेच थांबते. 'एक्स्क्लूडअ‍ॅप' मध्ये आउटलुक, वननोट, वनड्राइव्ह. उद्या कुणाला आउटलुक लागलंच तर ती ओळ काढून तीच फाइल पुन्हा चालवायची, बाकीचं तसंच राहतं.

जुनं काढायला दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच बरेच जण फसतात. ट्रायल म्हणून आलेलं ऑफिस क्लिक-टू-रन असतं, ते 'रिमूव्ह ऑल' ने जातं. तुमचं २०१० आणि व्हॉल्यूमचं २०१६ एमएसआय, ते 'रिमूव्हएमएसआय' ने जातं. तुमच्याकडे दोन्ही जाती आहेत, तर दोन्ही लागणार. 'रिमूव्ह ऑल' वेगळ्या फाइलमध्ये ठेवून आधी चालवा, मग बसवायची फाइल. आणि जपून: 'रिमूव्हएमएसआय' व्हिजिओ, प्रोजेक्टही घेऊन जातं. कुणाकडे असेल तर 'इग्नोरप्रॉडक्ट' ने वगळा.

आता माझा प्रश्न. ती एमडीबी कुणी थेट अ‍ॅक्सेसमध्ये उघडतं का? स्टँडर्डमध्ये अ‍ॅक्सेस नसतं. २०१० प्रोफेशनल निघालं की त्या माणसाचं अ‍ॅक्सेसही निघेल.

शाखासंगणक

अरे देवा. उघडतात. वसुलीचे एक साहेब नवी कर्जखाती त्यातच भरतात. हे मला कुणी सांगितलंच नसतं.

दंडोबाचा_पायथा

मग त्या एका मशीनसाठी अ‍ॅक्सेसचा सुटा व्हॉल्यूम परवाना घ्या आणि त्या मशीनच्या एक्सएमएलमध्ये दुसरा प्रॉडक्ट म्हणून लिहा. तोही ३२-बिटच. परवाना येईपर्यंत ते मशीन यादीतून बाहेर ठेवा. एमडीबी कुठल्या काळातली आहे तेही बघा. २०००-२००३ ची असेल तर नवं अ‍ॅक्सेस उघडतं. अ‍ॅक्सेस ९७ ची निघाली तर २०१३ पासून पुढचं कुठलंच उघडत नाही, तेव्हा २०१० हाताशी आहे तोवर त्यातच नव्या स्वरूपात करून घ्या. मूळ फाइलची प्रत काढून ठेवून.

वायफळ

मशीनवर पोचवायचं कसं, ते कुणी बोलेना.

मुख्य कार्यालयात: एका मशीनवर 'सेटअप /डाउनलोड' ने फाइली सर्व्हरच्या शेअरवर (सामायिक फोल्डरवर) उतरवा आणि ग्रुप पॉलिसीच्या (डोमेनवरून सगळ्या मशीनना लागू होणारे नियम) स्टार्टअप स्क्रिप्टमधून 'सेटअप /कॉन्फिगर' चालवा. स्टार्टअप स्क्रिप्ट माणसाच्या नावाने चालत नाही, मशीनच्या खात्याने चालते. म्हणून शेअरवर 'डोमेन कॉम्प्युटर्स' ला वाचायची परवानगी द्या. हे राहिलं की काहीच होत नाही, एररही दिसत नाही आणि माणूस एक्सएमएलमध्ये डोकं फोडत बसतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला रजिस्ट्रीत क्लिक-टू-रनच्या नोंदीत तुमचं प्रॉडक्ट आधीच आहे का ते तपासा, म्हणजे रोज सकाळी पुन्हा पुन्हा सुरू होणार नाही. लॉग विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये पडतो, वापरणाऱ्याच्या टेम्पमध्ये शोधू नका. 'डिस्प्ले लेव्हल' नन ठेवलं तर परवान्याच्या अटी मान्य असल्याची खूणही त्याच ओळीत द्यावी लागते.

शाखांत: पेनड्राइव्ह. लाजू नका. एक्सएमएलमध्ये 'सोर्सपाथ' लिहूच नका. तो नसला की सेटअप आपल्याच फोल्डरमध्ये फाइली शोधतो, मग पेनड्राइव्हला कुठल्या मशीनवर कुठलं ड्राइव्हचं अक्षर मिळतं याची फिकीर नाही. फाइली मात्र पूर्ण उतरलेल्या हव्यात, नाहीतर तो बिचारा राहिलेलं नेटवरून आणायला जाईल आणि तुमच्या शाखेचं कामकाज ठप्प.

'फोर्सअ‍ॅपशटडाउन' खरं ठेवलं तर उघडं वर्ड-एक्सेल न विचारता बंद होतं. डे-एंड झाल्याशिवाय चालवू नका. कॅशियरची शीट सेव्ह न होता गेली तर तुम्हाला शाखेत चहा मिळणार नाही.

नेटकर

+१. आणखी एक. मॅक्रोची शीट सर्व्हरवर असेल आणि लोक आयपी पत्ता टाकून शेअर उघडत असतील तर विंडोज तिला इंटरनेटवरून आलेली समजते, आणि नवं ऑफिस अशा फाइलचे मॅक्रो सरळ अडवतं. 'एनेबल' चं बटणही देत नाही. सर्व्हरच्या नावाने उघडा, किंवा ते फोल्डर पॉलिसीतून ट्रस्टेड लोकेशन करा. नेटवर्कवरच्या फोल्डरला परवानगी देणारं सेटिंग वेगळं आहे, तेही चालू करावं लागतं. संस्थेचं लेटरहेड सगळ्यांना द्यायचं असेल तर तिथेच 'वर्कग्रुप टेम्पलेट्स' चा पाथ आहे.

पॉलिसीची टेम्पलेट्स उतरवाल तेव्हा यादीत सगळीकडे 'ऑफिस २०१६' दिसेल. घाबरू नका, २०२४ लाही तीच लागतात, आत सगळं १६.० च आहे.

शाईची_दौत

नोटिसांचं मी सांगते. आमच्या वकिलांच्या ऑफिसात हेच झालं होतं.

कृतिदेव युनिकोड नाही. तिथे छोट्या डी च्या जागी 'क' आणि मोठ्या डी च्या जागी अर्धा 'क्' बसवलाय. तुमचा कारकून परिच्छेदाच्या सुरुवातीला 'कर्जदार' टाइप करून स्पेस देतो. वर्डला तो इंग्रजी शब्द वाटतो, आणि वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करायची त्याला सवय. झाला की 'क' चा पाय मोडून अर्धा. अवतरणचिन्हांचंही तसंच, सरळ चिन्हं वाकडी केली की त्या जागेवरचं अक्षर बदलतं. नोटीस छापून सही होऊन जाते आणि मग सभासद ती घेऊन काउंटरवर येतो.

जुन्या वर्डमध्ये कुणीतरी कधीकाळी हे बंद केलेलं असतं, नवं आलं की पुन्हा चालू. डोमेनवर वर्डच्या पॉलिसीत प्रूफिंगखाली ऑटोकरेक्ट आहे, तिथून बंद करा. शाखांत डोमेन नाही, तर एक्सएमएलच्या 'अ‍ॅपसेटिंग्ज' भागात घाला. त्या मशीनवर आत्ता असलेल्या आणि पुढे येणाऱ्या, दोन्ही खात्यांना ते लागतं. फरक एवढाच की पॉलिसी कुणाला बदलता येत नाही, हे मात्र कुणीही पुन्हा चालू करू शकतं. ऑफिस बसवून झाल्यावर आठवलं तरी चालतं, 'सेटअप /कस्टमाइझ' दिलं की फक्त सेटिंग्ज जातात.

खरं तर ते नमुने एकदाच युनिकोडमध्ये आणा. पाच-दहा नमुने असतील, एका दुपारचं काम. मग मंगल फाँटचं बघा, इंग्रजी विंडोजवर तो बऱ्याचदा नसतो, देवनागरीचे पुरवणी फाँट वेगळे टाकावे लागतात. नाहीतर निर्मला वापरा, तो सगळीकडे असतोच.

आणि लाखाच्या स्वल्पविरामाशी ऑफिसचा संबंध नाही. एक्सेल ते विंडोजच्या रीजन सेटिंगमधून घेतं. तिथे इंग्लिश इंडिया करा, १२,३४,५६७ दिसेल. डोमेनवर ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमध्ये रीजनल ऑप्शन्स आहे. तारखाही त्याच झटक्यात दिवस-महिना-वर्ष होतील, ज्यावरून व्याजाचे घोळ होतात.

शाखासंगणक

मंडळी, काय सांगू! चाचणीच्या मशीनवर ६४-बिट काढून ३२-बिट बसवलं, थकबाकीची यादी आली. 'कर्जदार' पण धड उमटला. एमडीबी २००३ ची निघाली. अ‍ॅक्सेसच्या परवान्यासाठी टिपण ठेवलंय.

शेवटचं: की कुठे घालायची? मेलमध्ये नुसतं 'एमएके' लिहिलंय. आणि एक्सएमएलमध्ये घातली तर शेअरवर सगळ्यांना दिसणार ना?

वायफळ

'पीआयडीकी' मध्ये घालायची आणि 'ऑटोअ‍ॅक्टिव्हेट' ला १. की लिहिलीच नाही तर ऑफिस केएमएसची (संस्थेच्या स्वतःच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरची) वाट बघत बसतं. तो सर्व्हर कामाला लागायला किमान पाच मशीन लागतात आणि प्रत्येक मशीनने १८० दिवसांत त्याला एकदा तोंड दाखवावं लागतं. तुमच्या शाखा मुख्य कार्यालयाला जोडलेल्याच नाहीत, तेव्हा एमएके (ठरावीक संख्येच्या मशीनना चालणारी एकच की) बरं. एकदा नेटवरून अ‍ॅक्टिव्हेट झालं की काम संपलं. फक्त एमएकेचा आकडा ठरलेला असतो. मशीन फॉरमॅट करून पुन्हा बसवलं की त्यातून आणखी एक जाऊ शकतो, त्यामुळे कुठल्या मशीनवर कधी टाकलं याची वही ठेवा.

दिसणार, हो. म्हणून शेअरवर 'डोमेन कॉम्प्युटर्स' आणि तुम्ही, बाकी सगळ्यांना काढून टाका. पेनड्राइव्ह शाखेत ठेवून येऊ नका. आणि एक्सएमएल इथे चिकटवणार असाल तर आधी ती ओळ पुसा.