हुकूमशहा मेला म्हणून बॅगा भरू नका

तलावपाळी:
परवा इथे न्यूजर्सीचा_ठाणेकर यांनी लिहिलं, "हुकूमशहा गेला की देश उभा करायला परागंदा माणसंच लागतात, आत उरलेले एकतर घाबरट नाहीतर मिंधे." गप्प बसणार होतो, पण हे 'मिंधे' काही घशाखाली उतरेना.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ ला गेला. त्याने उलथवलेल्या स्पॅनिश प्रजासत्ताकाचं परागंदा सरकार तेव्हाही पॅरिसात होतं, मंत्र्यांसकट. मेक्सिको त्यालाच खरं सरकार मानत होता. पण निवडणूक घेतली कोणी? फ्रँकोच्याच तालमीतल्या सुआरेझने आणि फ्रँकोनेच नेमून ठेवलेल्या राजाने, जून १९७७ ला. पॅरिसवाल्यांनी त्याच महिन्यात गाशा गुंडाळला. समाजवादी पक्ष तर त्याआधीच, १९७४ ला, देशातल्या पोरांनी फ्रान्सात तुलूझला बसलेल्या म्हाताऱ्यांकडून काढून घेतला होता. त्यातलाच फेलिपे गोन्झालेझ १९८२ ला पंतप्रधान झाला. आत उरलेला घाबरट, बरं का!

आणि क्यूबाचा फिडेल कॅस्ट्रो? २५ नोव्हेंबर २०१६ ला गेला. मायामीत परागंदा क्यूबन लोक पातेली बडवत रस्त्यावर आले. हवानात त्याचा भाऊ राऊल २००८ पासूनच राष्ट्राध्यक्ष होता, पुढे २०१८ पर्यंत राहिला. भावाने भावाकडे किल्ल्या दिल्या, विषय संपला.

न्यूजर्सीचा_ठाणेकर:
पोर्तुगाल विसरलात की सोयीने गाळलात? २५ एप्रिल १९७४ ला राजवट कोसळली आणि तिसऱ्या दिवशी मारियो सोआरेस पॅरिसहून आगगाडीने लिस्बनला हजर. १९७६ ला पंतप्रधान. परागंदाच होता तो. बाहेरच्या माणसाला निदान श्वास घ्यायला हवा असते, म्हणून तो विचार करू शकतो. तुम्ही नौपाड्यात बसून काय शिकवता?

तलावपाळी:
तिथला हुकूमशहा सालाझार १९७० ला मेला. तेव्हा का नाही धरली गाडी? दार उघडलं ते चार वर्षांनी, लष्करातल्या कॅप्टन लोकांनी. ते कुठे राहत होते, विचारा. आणि नौपाड्यात हवा आहे, फक्त पार्किंग नाही.

कोपरीकर:
तुमचं चालू द्या, माझं थोडं वेगळं आहे. माझे आजोबा फाळणीत सिंधमधल्या शिकारपूरहून निघाले, कल्याण कॅम्पात राहिले, मग कोपरीत आले. पाकिस्तानचा हुकूमशहा झिया १७ ऑगस्ट १९८८ ला विमान कोसळून गेला आणि डिसेंबरात बेनझीर पंतप्रधान झाली. लोक म्हणतात झिया मेला म्हणून ती आली. चूक. ती एप्रिल १९८६ लाच परतली होती, तो जिवंत असताना, आणि त्याच वर्षी तुरुंगातही जाऊन आली. मयताची वाट बघत लंडनला बसली असती तर कोण विचारणार होतं?

रेडिओवर बातमी लागली तेव्हा आजोबा म्हणाले, सिंधची बाई आली, आता गाव बघून येऊ. आजी म्हणाली, उतरणार कोणाकडे? आजोबा काही बोलले नाहीत. चिमट्यात पापड होता, तो त्यांनी काळा होईस्तोवर भाजला.

वर्तकनगर_अप्पा:
विषय निघालाच आहे तर. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी २१ वर्षं खुर्चीवर होते. पंपाची किल्ली गळ्यात जानव्यासारखी. मागच्या वर्षी वारले. तेराव्याला आम्ही पंगतीत आणि ग्रुपवर दुबई, मेलबर्न, न्यूजर्सी (हो, न्यूजर्सीही होतं त्या यादीत) एकदम जागे: आता रिडेव्हलपमेंट! संमतीचे ५१ टक्के भरले ते ह्यांच्या ईमेलवर. पावसाळ्यात माझ्या पलंगावर दोन बादल्या असतात. ह्यांच्या पलंगावर मांजर.

न्यूजर्सीचा_ठाणेकर:
घर माझ्या नावावर आहे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वेळेवर भरतो.

वर्तकनगर_अप्पा:
भाडेकरू ठेवलाय म्हणून भरता. गच्चीवर डांबर लावणाऱ्यामागे उन्हात कोण उभं राहिलं? आणि आता बिल्डर कोणता, हे झूमवर तुम्ही ठरवणार!

खाडीकिनारा:
अप्पा, आत राहणारेही काही संत नसतात. आमच्या बिल्डिंगीत १४ वर्षं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) रखडला तो आत राहणाऱ्यांच्याच भांडणात. मूळ करारनामा शेवटी दुबईतल्या एकाने पाठवला, वडिलांच्या ट्रंकेत जपून ठेवलेला.

आणि तलावपाळी, स्पेन सांगताना त्यातला कॅटलोनिया प्रांत खाल्लात. तारादेयास १९३९ पासून देशाबाहेर होता आणि १९५४ पासून कॅटलोनियाचा अध्यक्ष, ना खुर्ची ना खजिना. ऑक्टोबर १९७७ ला तुमच्या त्याच सुआरेझने त्याला बोलावून बार्सिलोनात बसवलं. त्याने नुसतं पद जपलं होतं. तेही कोणाला तरी करावं लागतं.

तलावपाळी:
बरं, तारादेयास दिला. ७८ वर्षांचा होता तेव्हा. न्यूजर्सीवाल्यांनी तेवढा दम धरावा, आमची काही हरकत नाही.

कोपरीकर:
पण त्यालाही बोलावलं आतल्यानेच, हे कोणी बोलतच नाही.

वर्तकनगर_अप्पा:
ते तारादेयास राहू द्या. आमच्या नव्या सेक्रेटरीबद्दल बोला. जुन्यांचाच भाचा. किल्ली परत गळ्यात.

न्यूजर्सीचा_ठाणेकर:
एक मिनिट. अप्पा, तुम्ही बी विंगचे? सहावा मजला?

वर्तकनगर_अप्पा:
ओळखलंत का? माझ्या छतातून येतं ते तुमच्याच बाथरूमचं पाणी. तीन पत्रं टाकली.

न्यूजर्सीचा_ठाणेकर:
मला एकही मिळालं नाही. भाडेकरूने सांगायला हवं होतं. असो. जानेवारीत येतोय, प्लंबर मी आणतो. जनरल बॉडीही तेव्हाच ठेवा, समोरासमोर बोलू.

वर्तकनगर_अप्पा:
जानेवारीत हॉल हळदीकुंकवाला दिलाय.