अनुभव धागा: लहानपणी पाहिलेलं बचावाचं हेलिकॉप्टर आणि आपण केलेलं मॉडेल

कृष्णाकाठची
भाच्याला शाळेत आपत्ती व्यवस्थापनाचा प्रकल्प आहे. त्याला हेलिकॉप्टर हवंय आणि मावशीच्या हातात कला आहे अशी अफवा घरात कुणीतरी पसरवलीय. पुठ्ठा कापायला बसले आणि सगळं डोळ्यांसमोर आलं. २००५ चा पूर, सांगली, आम्ही मारुती चौकाजवळ वरच्या मजल्यावर अडकलेलो. आयर्विन पुलाची पातळी किती, एवढा एकच विषय मोठ्यांच्या तोंडी. आणि घरघर ऐकू आली की आम्ही पोरं गच्चीवर.

पाणी ओसरल्यावर शाळा लगेच सुरू झालीच नाही. तेव्हा बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, खराट्याच्या काड्या आणि कॅम्लिनचे पोस्टर कलर घेऊन मी ते हेलिकॉप्टर केलं होतं. रंग राखाडी. दादा आजही छातीठोकपणे सांगतो की ते हिरवं होतं. काल परत फोनवर त्यावरून जुंपली. वहिनी म्हणाल्या, फोन ठेवा आता.

तर तुमच्यापैकी कुणी असं पाहिलेलं हेलिकॉप्टर पुठ्ठ्याचं, लाकडाचं, किटचं केलं असेल तर लिहा. कशापासून केलं, रंग कुठला, आठवेल ते. फोटो नसला तरी चालेल.

पुठ्ठेबहाद्दर
खराटा!! आमच्याकडे पंख्याला आइस्क्रीमच्या काड्या. त्यासाठी अख्खा मे महिना कुल्फी खाल्ली. आई म्हणायची, एकदाचं ठरव, हेलिकॉप्टर करायचंय की खोकला.

रोटरहेड
ताई, तुमचं भांडण मिटू शकतं. शेपटीचा छोटा पंखा कुठल्या बाजूला होता? उजवीकडे असेल तर एमआय-८, डावीकडे असेल तर एमआय-१७. दोन्ही हवाई दलाची, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने हिरवट-तपकिरी. नौदलाचं सी किंग असेल तर राखाडी. त्याचं पोट होडीसारखं असतं.

कृष्णाकाठची
रोटरहेड, मी शाळकरी पोर होते हो, वर बघून खाण्याचं पाकीट कुठे पडतंय ते शोधत होते. शेपटीचा पंखा कोण बघतं 😂

रोटरहेड
मी बघायचो. म्हणून लग्न उशिरा झालं.

दाबोळीकर
वास्कोत लहानपण गेलं, त्यामुळे पूरबीर काही नाही, पण आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळाचं चेतक हेलिकॉप्टर रोज डोक्यावर. विमानांचं उड्डाण चालू असलं की ते तयारीत असायचं, वैमानिक समुद्रात पडला तर उचलायला. खाडीवर सराव करायचे, विंचने, म्हणजे दोर गुंडाळायच्या चाकाने, माणूस खाली सोडायचा, परत वर घ्यायचा. आम्ही वाळूत बसून बघायचो.

माझ्या मॉडेलमध्ये सगळा जीव त्या विंचमध्ये. आईच्या मशीनची बॉबीन, मधून सायकलची स्पोक, स्पोक एका टोकाला वाकवून हँडल. बॉबीनवर काळा दोरा, दोऱ्याला काडेपेटीच्या काड्यांचा माणूस. हँडल फिरवलं की माणूस वर. फक्त दाराशी आला की आडवा व्हायचा आणि आत जायचाच नाही. मग बाळंतविड्यातल्या सेफ्टी पिनेचं कडं कापून दारावर बाहेर आलेला हात केला, दोरा त्यातून खाली. तेव्हा कुठे सरळ वर यायला लागला. नंतर कळलं खऱ्या चेतकलाही दारावर असा हात असतोच. नाकाच्या काचेला एक्सरेची फिल्म, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घासून पारदर्शक केलेली. पप्पांच्या छातीचा एक्सरे होता. डॉक्टरांनी पुढच्या वेळी मागितला तेव्हा घरात जे झालं ते वेगळ्या धाग्यात.

चकलीचा_सोऱ्या
वेगळा धागा काढाच. 😄 आणि वास्कोला मार्केटजवळ ती भाजी-पाववाली आजी अजून बसते का?

दाबोळीकर
बसते म्हणे तिची सून. चव तीच.

पार्ल्याची_पमी
आमच्या घरावरून जुहूची हेलिकॉप्टरं जायची. बाबा ऑफशोअरला, १४ दिवस बॉम्बे हायवर, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, १४ दिवस घरी. त्यांना नेणारं-आणणारं डॉफिन. आता याला बचावाचं म्हणायचं का ते तुम्ही ठरवा, आमच्यासाठी बाबा परत आणणारं तेच.

त्या डॉफिनची शेपूट वेगळी. छोटा पंखा बाहेर लटकत नाही, शेपटीच्या आतच गोल भोकात बसवलेला असतो. पुठ्ठ्यात ते गोल भोक काही केल्या नीट कापलं जाईना. शेवटी आजीने तिची प्लास्टिकची बांगडी दिली, ती पुठ्ठ्यावर ठेवून आखलं, कापलं, आणि तीच बांगडी आत बसवली. पंखा शिकेकाईच्या डब्याच्या पत्र्याचा. बांगडी हिरवी होती, तशीच ठेवली. आजी म्हणाली, रंगवू नकोस, तो माणूस घरी यायचाय.

२७ जुलै २००५ ला बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला आग लागली. आदल्या दिवशीचा तो पाऊस, मुंबई पाण्यात, फोन बंद. बाबा तेव्हा घरच्या पाळीत होते. त्यांचे सोबती तिकडे होते. जास्त लिहीत नाही.

कृष्णाकाठची
पमी 🙏 आजीचं वाक्य वाचून थांबले जरा.

काकासाहेब_६२
१९९२ चा ऑक्टोबर कुणाला आठवतो का? हिमाचलात परवाणूला टिंबर ट्रेलचा रोपवे अडकला, माणसं दरीवर लटकलेली. हवाई दलाचं एमआय-१७ गेलं. मेजर क्रॅस्टो दोरीने पाळण्याच्या छतावर उतरले, काहींना वर पाठवलं आणि अंधार पडल्यावर उरलेल्यांबरोबर रात्रभर तिथेच राहिले. हेलिकॉप्टर चालवणारे फली मेजर (इथे मेजर हे आडनाव) पुढे हवाई दलप्रमुख झाले. धाकटा तेव्हा चौथीत. त्याने कपडे वाळत घालायच्या दोरीवर काडेपेटीचा पाळणा टांगला, आत भाताची शितं चिकटवून माणसं, आणि वरून बाल्साच्या हलक्या लाकडाचं हेलिकॉप्टर. हिला आठवडाभर कपडे वाळत घालता आले नाहीत. बाल्सा तेव्हाही महाग होता. आता तर विचारू नका. मध्यंतरी नातवासाठी घ्यायला गेलो, दुकानदाराने भाव असा सांगितला की मी चंदन मागितलंय. असो, पेन्शनवाल्याने छंद ठेवू नये.

पुठ्ठेबहाद्दर
काका, भाताची शितं 😂😂 मुंग्या?

काकासाहेब_६२
दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी बचावकार्य पूर्ण केलं.

वेल्सवासी
इकडे अँगलसीजवळ राहतो. मुलीने पहिलं हेलिकॉप्टर पाहिलं ते पिवळंधमक सी किंग, रॉयल एअर फोर्सचं. २०१५ ला ती सेवा बंद झाली, आता खासगी कंपनीची लाल-पांढरी येतात. लेक मानायलाच तयार नाही, तिच्या मते हेलिकॉप्टर पिवळंच असतं. एअरफिक्सचं १/७२ चं किट आणून दोघं बसलो. रंग हंब्रोल कंपनीचा २४ नंबर, ट्रेनर यलो. पिवळा रंग करड्या प्लास्टिकवर बसता बसत नाही, खाली पांढऱ्याचा हात द्यावाच लागतो. पातळ हात, वाळू द्या, परत पातळ हात. जाड लावलात तर दाराच्या रेघा बुजतात.

रोटरहेड
+१. आणि उभ्या हेलिकॉप्टरची पाती वजनाने झुकलेली असतात, किटमध्ये सरळसोट येतात. गरम पाण्यात बुडवून बोटाने हलका बाक द्या, लगेच खरं दिसायला लागतं. कृष्णाकाठची ताई, भाच्याला सांगा काचेला फेव्हिक्विक लावू नको, वाफेने पांढरी पडते. तिथे साधा फेविकॉल.

रंकाळा_रिटर्न्स
भावा नुसत्या जुन्या गोष्टी काय. २०१९ ला मी नववीत, शिरोळकडचा. आमच्या म्हशी सुटल्या त्या सुटल्याच. हेलिकॉप्टर लई बघितली. पण आमाला काढलं बोटीनं. बोटीचं मॉडेल चालतंय का?

कृष्णाकाठची
चालतंय की! म्हशींचं वाईट वाटलं रे.

पार्ल्याची_पमी
त्याच पावसात वांगणीला महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती ना, तिथेही वर हेलिकॉप्टर आणि माणसं काढली बोटींनी. बोट टाकच.

रंकाळा_रिटर्न्स
थर्माकोलची केलती. पावण्यांच्या पोरानं बादलीत बुडवली. एनडीआरएफचा रंग नारंगी, तेवढा बरोबर जमलाता.

अनामिक_वाचक
मी बरीच वर्षं किटं करायचे. २५ जून २०१३ ला केदारनाथच्या बचावकार्यात गौरीकुंडजवळ एमआय-१७ पडलं, २० जवान गेले. टेबलावर तेच अर्धं झालेलं होतं. ते तसंच ठेवलंय, दारं न लावता. बाकीची पूर्ण केली नंतर.

दाबोळीकर
🙏

चकलीचा_सोऱ्या
मॉडेलमधलं मला शष्प कळत नाही पण धागा वाचता वाचता भाजी करपली. बोटाला चिकटलेलं फेव्हिक्विक कसं काढायचं तेवढं सांगा, लेकाचे अंगठा आणि तर्जनी आत्ता एकत्र आहेत.

रोटरहेड
ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा, हळूहळू चोळा. नेलपॉलिश रिमूव्हर असेल तर थेंबभर, डोळ्यापासून लांब.

चकलीचा_सोऱ्या
सुटली! काय करत होता विचारलं तर म्हणे हेलिकॉप्टर. त्याला धागा कुणी दाखवला??

कृष्णाकाठची
दादाने आत्ता मेसेज केलाय, "होडीसारखं पोट नव्हतं." घ्या. रोटरहेड, तुम्हीच बोला त्याच्याशी, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.