प्रतिसाद: लंडनमध्ये शिकताना नाटक परवडतं

विद्यार्थ्याच्या खिशाला लंडनमधली नाटकं परवडत नाहीत, हा मुद्दा वेस्ट एंडच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागातल्या, पुढच्या रांगांबाबत खरा आहे. तिथेही लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएसच्या खिडकीवर सवलतीत तिकिटं मिळतात. पण थेम्सच्या दक्षिण काठावरचं ग्लोब नाट्यगृह मात्र चुकवू नका. शेक्सपियरची नाटकं जिथे होत, त्या १५९९ च्या नाट्यगृहाची ही प्रतिकृती १९९७ साली सुरू झाली. रंगमंचापुढच्या अंगणात सुमारे ७०० प्रेक्षक उभे राहू शकतात आणि ती तिकिटं सगळ्यांत स्वस्त असतात.

उभं राहायचं म्हणून नाक मुरडू नका. मला तर तीच जागा सर्वांत आवडते! लवकर आत शिरलात तर रंगमंचाच्या कडेवर कोपरं टेकता येतात. नट बोलता बोलता थेट तुमच्या डोळ्यांत बघतो, कधी गर्दीतूनच वाट काढत वर चढतो. अंगणावर छप्पर नाही, पावसातही प्रयोग चालू राहतो आणि छत्री उघडायला मनाई आहे. त्यामुळे रेनकोट न्या, बूट सवयीचे घाला. प्रयोग चालू असताना खाली बसू देत नाहीत.

शेक्सपियरची भाषा अवघड वाटत असेल तर कथानक आधी वाचून जा. सुरुवातीला थोडं जड जातं, मग कान सरावतो.