काकांचा फोन दुपारीच मान टाकतो

बी-२०३ काका: मंडळी, टँकरचं नंतर बोलू. फोन सकाळी १०० टक्के, दीड वाजता १२. बॅटरी बदलायला चांगलं दुकान सांगा.

ए-१०१: काका, रील्स कमी बघा 😄

बी-२०३ काका: गप रे. बॅटरीच्या यादीत सगळ्यात वर मेल दिसतंय.

सी-५०४: दुकानात जाऊ नका एवढ्यात. खाती किती जोडलीत?

बी-२०३ काका: तीन. माझं, हिचं, सोसायटीचं.

सी-५०४: आणि फेच, म्हणजे नवी मेल आलीय का ते फोनने स्वतः जाऊन बघणं, किती मिनिटांवर?

बी-२०३ काका: १५. बिलं लगेच कळावीत म्हणून.

सी-५०४: तिथेच पाणी मुरतंय. दिवसातून ९६ वेळा फोन उठून बघतो, मेल असो वा नसो. मेल उतरवण्यात फारसं काही जात नाही, जातं ते रेडिओ, म्हणजे फोनचा नेटवर्कशी बोलणारा भाग, जागा करण्यात. मोबाईल डेटावर काम संपलं तरी तो काही सेकंद जागाच राहतो. पाहुणे गेले तरी आपला वॉचमन गेट धरून उभा असतो ना, तसा. त्यात बी विंगला रेंज एक काडी, म्हणजे ताकद अजून जास्त लागते. घरी वायफाय लावा, बराच फरक पडेल.

ए-३०२ काकू: मग पुश ठेवलं तर? ते तर कायम चालू, आणखी खाणार.

सी-५०४: उलट आहे काकू. पुशमध्ये फोन सारखा विचारत बसत नाही, मेल आली की सर्व्हर हाक मारतो. आयमॅप म्हणजे सर्व्हरवरची मेल वाचायची पद्धत, तिच्या 'आयडल' सोयीत एक जोडणी उघडी राहते, ती २९ मिनिटांच्या आत ताजी केली की झालं. दिवसाला चार-पाच मेल असतील तर पुश स्वस्त. जाहिरातींच्या दोनशे येत असतील तर दोनशे हाका! तिथे तासाने फेच बरं.

बी-२०३ काका: आयफोनच्या मेलमध्ये माझ्या जीमेलला पुश दिसतच नाही.

सी-५०४: नाही दिसणार. फुकटच्या जीमेलला एक्स्चेंजवाली, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने पुश करायची सोय २०१३ पासून नव्याने जोडता येत नाही. जीमेलचंच अ‍ॅप टाका, त्याच्या सूचना बाकी अ‍ॅप्सच्या सूचनांबरोबर एकाच जोडणीवरून येतात.

ए-१०१: आणि आम्ही अँड्रॉइडवाले?

सी-५०४: ६.० पासून 'डोझ' आहे. फोन पडून असला की अ‍ॅप्सची कामं तुंबवून मधूनमधून एकदम उरकतो. मेल अ‍ॅपला त्यातून सूट देऊ नकोस म्हणजे झालं.

(रात्री ९.१०)

बी-२०३ काका: सोसायटीचं मॅन्युअल केलं, म्हणजे मी उघडलं तरच मेल येणार, बाकी तासाला. अजून ३८ टक्के आहे!! 🙏

सेक्रेटरी: काका, टँकरचं बिल सकाळीच मेल केलंय. आज शेवटची तारीख.

बी-२०३ काका: अरेच्चा. थांबा, उघडतो.