पाच कॅराव्हॅन चालतात, मग सहावीला पूर्ण परवानगी कशाला?

शिवारवाला
विषय इंग्लंडातला आहे, पण या फोरमवर विलायतेत राहणारे बरेच जण आहेत आणि त्यातले काही तिथल्या खेड्यांकडे सरकलेत, म्हणून मांडतो.

वेल्सच्या सीमेलगत आमचं साडेपाच एकरांचं कुरण आहे. मेंढ्या चारायला भाड्याने देतो, त्यातून तारेच्या कुंपणाचाही खर्च निघत नाही. तिथे बारा टूरिंग कॅराव्हॅनची सोय करायचा विचार आहे. टूरिंग म्हणजे गाडीमागे जोडून आणायची, चार दिवस राहायचं, परत ओढत न्यायची. बांधकाम म्हणाल तर पाण्याचे दोन नळ, विजेचे प्लग असलेले खांब आणि टॉयलेटची कॅसेट (मैला साठणारी, काढता येणारी टाकी) रिकामी करायची एक जागा. काउन्सिलकडे अर्जाआधीचा सल्ला मागितला तर यादीच हातात आली: वाहतूक, झाडं, वटवाघळं, सांडपाणी, नदीतलं फॉस्फेट, प्रत्येकाचा वेगळा अहवाल आणि प्रत्येक अहवालाचा वेगळा तज्ज्ञ. अर्जाची फी त्यापुढे चिल्लर आहे.

आता कायद्यातली गंमत बघा. १९६०च्या कॅराव्हॅन साइट्स कायद्यानुसार कॅराव्हॅनवाल्यांच्या मान्यताप्राप्त क्लबने प्रमाणपत्र दिलं की पाच कॅराव्हॅनपर्यंत ना प्लॅनिंगची (जमिनीचा वापर बदलायची) परवानगी लागत, ना साइट लायसन्स. पाच एकरांच्या वर जमीन असेल तर क्लबशिवायही तीन कॅराव्हॅन, वर्षातले २८ दिवस. आणि जुलै २०२३पासून तर तंबू आणि कॅम्परव्हॅनसाठी ५० जागांपर्यंत, वर्षाला ६० दिवस, नुसतं काउन्सिलला आधी कळवायचं. म्हणजे स्वतःच्या इंजिनावर आलेल्या पन्नास गाड्या चालतात आणि मागे ओढून आणलेल्या सहा चालत नाहीत! पंधरापर्यंत सरसकट सूट द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

डेव्हनकर
दादा, तुमच्या कुरणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला तुमच्या कुरणाकडे जाणारा रस्ता सांगा.

आमच्या गावाबाहेर अशी एक साइट आहे. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली हेज, म्हणजे झुडपांची भिंतच. शनिवारी दुपारी जुने निघतात आणि नवे येतात. गाडी आणि कॅराव्हॅन मिळून बारा मीटरच्या आसपास लांबी, त्यात माणूस वर्षातून दोनदा ओढणारा. समोरून दुधाचा टँकर आला की मागे कोण घेणार? टँकरवाल्याला मागे घेता येतं, म्हणून तोच घेतो, बिचारा रोज घेतो. एकदा कॅराव्हॅन मागे घेताना आडवी झाली. बायको उतरून हात हलवतेय, नवरा आरशात बघून भलतीकडेच वळवतोय, मागे सात-आठ गाड्या आणि त्यात शाळेची मिनीबस. पाच कॅराव्हॅनचं हे आठवड्यातून एकदा होतं. पंधरांचं रोज होईल.

शिवारवाला
त्याच रस्त्याने सुगीत कंबाइन जातं, ट्रेलर जातात, ते चालतं का? शेतकऱ्याची वाहतूक ती वाहतूक आणि पाहुण्यांची तेवढी अडचण? शेतीचं अनुदान टप्प्याटप्प्याने बंद होतंय, सरकार म्हणतं जोडधंदा करा, आणि करायला गेलं की हेज आड येते.

डेव्हनकर
कंबाइन चालवणाऱ्याला मागे घेता येतं हो!

मोजणीदार
मी याच व्यवसायात आहे (सल्लागार, काउन्सिलचा नोकर नव्हे), म्हणून दोघांनाही थोडं टोचणार आहे.

शिवारवाला, तुम्ही आकड्यावर भांडताय, पण अर्ज आकड्यावर क्वचित पडतो. तो पडतो फाटकाशी. ताशी साठ मैलांच्या मर्यादेच्या रस्त्यावर बाहेर पडताना रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर आत बसलेल्या ड्रायव्हरला दोन्ही बाजूंना २१५ मीटर दिसलं पाहिजे, असा ढोबळ दंडक आहे. डोळ्यांची उंची १.०५ मीटर धरतात. वळणदार रस्त्यावर एवढं दिसतच नाही. मग प्रत्यक्ष वेग मोजून घ्यायचा. गाड्या तिथे तीसनेच जात असतील तर अंतर बरंच कमी मागता येतं. हे न करता लोक आधी हेज कापायची तयारी दाखवतात. हेज कापली की जैवविविधतेचा हिशेब बिघडतो, कारण एप्रिल २०२४पासून छोट्या प्रकल्पांनाही १० टक्के निव्वळ वाढ दाखवावी लागते आणि ती तीस वर्षं सांभाळावी लागते. रस्त्यावाल्यांना खूश करताना निसर्गवाल्यांकडे अडकलात म्हणून समजा.

दुसरं, तुमची ती कॅसेट. त्यातलं निळं रसायन सेप्टिक टँकमध्ये ओतलं तर टँकमधले जिवाणू मरतात आणि टँक काम करायचा थांबतो. त्यासाठी वेगळी बंद टाकी लागते, टँकरने उपसायची. आणि लग नदीच्या खोऱ्यासारखा भाग असेल तर मुक्कामी माणूस म्हणजे सांडपाणी, आणि सांडपाणी म्हणजे नदीत फॉस्फेट. ते तुम्ही कुठून बाहेर काढताय आणि टँकर शेवटी कोणत्या नदीकाठच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात रिकामा होतोय, इथपर्यंत विचारतात. त्याच खोऱ्यातल्या केंद्रात गेलं तर कागदावर काहीच सुटलं नाही.

कॅम्परव्हॅनवाल्या साठ दिवसांबद्दल मात्र तुमचा राग रास्त आहे. टूरिंग कॅराव्हॅन त्यातून का वगळल्या याचं पटेलसं उत्तर मीही अशिलाला देऊ शकत नाही.

चाकोरीबाहेर
आम्ही कॅराव्हॅनवाले. गिऱ्हाईकाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. पाचवाल्या जागाच आम्हाला आवडतात. मोठ्या पार्कात रात्री डिस्को, स्विमिंग पूल, पोरांचा क्लब. शेतावर उठलं की समोर मेंढ्या. बारा झाल्या की ते शेत राहत नाही, छोटं पार्क होतं. शिवाय गवतावर बारा गाड्यांची चाकं मे महिन्याच्या पावसात फिरली की चिखल होतो, मग मालक खडी टाकतो, मग खडीला रस्ता, मग रस्त्याला दिवा. हे सगळं बघितलेलं आहे. दादा, क्लबचं प्रमाणपत्र घ्या, पाच चालवा. फक्त सभासद येतात म्हणून बिचकू नका, सभासद कोणालाही होता येतं.

कोकणकडा
रत्नागिरीहून वाचतोय. आपल्याकडेही २०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. बिनशेतीच्या एका शिक्क्यासाठी तहसीलच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना तुमची यादी तरी बरी वाटेल. निदान लेखी आहे. पण एक शंका: शेजारी विरोध करतात त्याचा निकालावर खरंच परिणाम होतो का?

मोजणीदार
होतो, पण मुद्दा बघून. "घराची किंमत पडेल", "माझा देखावा जाईल" हे मोजलंच जात नाही. रस्ता, आवाज, रात्रीचा उजेड, पूर, निसर्गदृश्याला बाधा, हे मोजतात. पॅरिश काउन्सिल (गावपातळीची) मत देते, निर्णय देत नाही. शंभर सारख्या पत्रांपेक्षा रस्त्याच्या वळणाचा टेप धरून काढलेला एक फोटो भारी पडतो. नकार आला तर अर्जदाराला सहा महिन्यांत अपील करता येतं. मंजुरी मिळाली तर शेजाऱ्याला असं अपील नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

डेव्हनकर
नेमकं म्हणूनच मी आधी ओरडतोय. माझी खरी भीती शिवारवाल्यांची नाहीच, त्यांच्यानंतर येणाऱ्याची आहे. परवानगी जमिनीला चिकटते, माणसाला नाही. उद्या तुम्ही विकलंत, घेणारा म्हणाला की "कॅराव्हॅन साइट" लिहिलंय ना, मग लाकडी लॉज उभे करतो, तर? कायद्यातल्या व्याख्येत २० मीटर लांब आणि ६.८ मीटर रुंद, दोन तुकड्यांत आणून जोडलेली घरंही कॅराव्हॅनच. २०१४च्या कॉट्सवोल्ड ग्रेंज निकालात हायकोर्टाने सांगितलंच आहे की परवानगीच्या वर्णनात आकडा लिहिला म्हणून तो बंधनकारक होत नाही, अट वेगळी घालावी लागते. तुमची ती पंधराची सरसकट सूट आली तर अट कोण घालणार? अर्जच नाही तर अट कुठली?

शिवारवाला
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे, मान्य करतो. पण त्याचं उत्तर अटीच आहेत, अहवालांचं बाड नाही. कायद्यातच लिहा की पंधरापर्यंत, फक्त टूरिंग, सलग २८ रात्रींच्या वर कोणी राहणार नाही, येणाऱ्यांची नोंदवही ठेवायची, हिवाळ्यात रान रिकामं. पाचाला क्लब जसा नियम लावतो तसे पंधराला काउन्सिलने लावावेत. दोन कॅराव्हॅनमध्ये सहा मीटर अंतर हवं म्हणतात, सहा काय, माझ्या कुरणात वीस मीटर सुटेल.

मोजणीदार
नियम लिहिणं सोपं. नोव्हेंबरात कुरण रिकामं आहे का हे बघायला जाणार कोण? अंमलबजावणीच्या खात्यात किती माणसं उरलीत ते मला विचारू नका. आणि नियम मोडून दहा वर्षं कोणी हरकत घेतली नाही तर मोडलेलंच कायदेशीर होतं.

तुम्हाला फुकटचा सल्ला: यंदा पाच लावा, क्लबमार्फत. फाटकाशी वेगमापनाची नळी (रस्त्यावर आडवी टाकायची, गाड्या आणि त्यांचा वेग मोजणारी) एक आठवडा टाका. पुढच्या वर्षी बाराचा अर्ज कराल तेव्हा "इतक्या गाड्या आल्या, इतक्या वेगाने गेल्या" हे स्वतःचे आकडे असतील. अपील ऐकणारे निरीक्षकही अशा आकड्यांपुढे नरमतात.

शिवारवाला
नळी टाकतो. पण पाचावर थांबणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

डेव्हनकर
अर्ज टाकलात की क्रमांक इथे द्या. २१ दिवसांची मुदत असते, मला वाचायला वेळ लागतो.

चाकोरीबाहेर
आणि पाच लावल्या की पहिली जागा आमची. मेंढ्या मात्र राहू द्या.